सात मुळांची गोळी

दोमितिला तिसऱ्यांदा ओकली तेव्हा तिच्या पोटात ओकायला काही उरलं नव्हतं. एका हाताने कॉफीचं झुडूप धरून ती वाकली होती. कमरेला बांधलेली टोपली पुढे कलंडली होती आणि सकाळपासून तोडलेली लाल फळं उतारावरून घरंगळत चालली होती. त्यांच्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

"कोमाद्रे, बस खाली," कासिल्दा दोन ओळी वरून ओरडली. "आधी बस म्हणते ना!"

"बसले तर उठायची नाही मी."

तीस वर्षांपूर्वी बाप्तिस्म्याच्या वेळी दोमितिलाने कासिल्दाच्या मुलाला, रुबेनला, मांडीवर घेतलं होतं, त्याची मादरिना, म्हणजे धर्माची आई, झाली होती. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. सान आन्सेल्मो गावात हे नातं सख्ख्या बहिणीच्या वरचं. दोघींनी एकाच मळ्यावर कॉफी तोडली, एकाच वर्षी नवरे पुरले, आणि गुडघेही जवळजवळ एकाच वर्षी कुरकुरायला लागले.

कासिल्दा झपाझप खाली उतरली. दोमितिलाचं कपाळ गार आणि चिकट लागत होतं. डोंगरावर तीन दिवस बारीक भुरभुर चालू होती, पण हा ओलावा त्या पावसाचा नव्हता.

"रुबेन आला का गं शाळेतून?" दोमितिलाने विचारलं.

कासिल्दाच्या काळजात धस्स झालं. रुबेन गेली नऊ वर्षं माँतेर्रे शहरात ट्रक चालवत होता.

"आला," ती म्हणाली. "तू बस."

दोमितिला बसली नाही. वाळूचं पोतं सुटावं तशी खाली आली आणि चिखलात आडवी झाली. कासिल्दाने तिची टोपली सोडली, आपली शाल तिच्या डोक्याखाली दिली आणि मुकादम लिसांद्रोला गाठायला उतार उतरू लागली. पायवाट निसरडी होती. एकसष्ट वर्षांची बाई, पण ती पळत होती. आणि पळता पळता तिला कळत होतं की आपण पळू शकतोय ते कशाच्या जोरावर. एप्रनच्या खिशात गोळ्यांची बाटली प्रत्येक पावलागणिक मांडीवर आपटत होती. सकाळी सात वाजता कॉफीबरोबर तिने आपली गोळी घेतली होती. आत अजून चाळीसेक असतील.

दोमितिलाकडे नऊ दिवसांपासून एकही नव्हती.

*

ही गोष्ट सव्वा वर्षापूर्वी सुरू झाली होती. कासिल्दाचा उजवा गुडघा तेव्हा पार गेला होता. सकाळी उठल्यावर अर्धा तास तो लाकडासारखा असायचा. मळ्याचा चढ चढताना आत काचेचा चुरा दळल्यासारखा आवाज यायचा, आणि उतरणं तर चढण्यापेक्षा वाईट. शेवटी ती गावच्या दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टर यादिरा दोन वर्षांपूर्वी गावात आली होती. कोपरापर्यंत बाह्या सरसावून बोलायची, वडीलधाऱ्या बायकांना मानाने 'दोन्या' म्हणायची. तिने शालापा शहरात पाठवून गुडघ्याचा एक्स-रे काढवला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"हे बघा दोन्या कासिल्दा. इथे दोन हाडांमध्ये गादी असते. तुमची आतल्या बाजूने झिजलीय. आणि कडेला ही टोकं दिसतात ना, हाडाने केलेली डागडुजी आहे ती. वेडीवाकडी."

"मग गादी परत घाला."

"तशी घालता येत नाही. पण गुडघा म्हणजे नुसती गादी नव्हे. ओझं मांडीचा स्नायू उचलतो. तो तगडा केला तर दुखणं बरंच उतरतं." मग तिने खुर्चीवर बसून पाय सरळ करून दाखवला, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवलं. काठी घ्यायची ती डाव्या हातात, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. पाचसहा किलो वजन उतरवायचं. चोळायला मलम. फारच दुखलं तर साधी गोळी. चालणं थांबवायचं नाही, पण ओझं घेऊन उतार उतरणं कमी करायचं. "एवढं करून नाही भागलं तर सुई आहे, शेवटी शस्त्रक्रियाही आहे. पण सुरुवात इथून."

"आणि औषध?"

"हेच औषध."

कासिल्दा घरी आली ती चरफडत. एवढं शिकलेली बाई आणि सांगते काय, तर खुर्चीतून ऊठबस कर! आठ दिवस तिने पाय सरळ केले, नवव्या दिवशी सोडून दिले. तोडणीचे दिवस तोंडावर आले होते. काठी घेऊन मळ्यावर गेली असती तर लिसांद्रोने दारातूनच परत पाठवली असती.

त्याच आठवड्यात, गुरुवारच्या बाजारात, तिने एवारिस्तोची गाडी पाहिली. पांढरी गाडी, टपावर कर्णा. पोट सुटलेला, गोड बोलणारा माणूस. "औषध नाही विकत मी, मावश्यांनो! डोंगराची सात मुळं आहेत ही! तुमच्या आजीला जे ठाऊक होतं ते डॉक्टर विसरले!" बाटलीवर हिरवी पानं छापलेली होती. कासिल्दाने एक विकत घेतली.

तिसऱ्या दिवशी कासिल्दा पहाटे उठून चालत परसात गेली आणि मध्येच थबकली. दुखत नव्हतं. तिने गुडघा दुमडला, सोडला, पुन्हा दुमडला. तिथेच लिंबाच्या झाडाखाली उभी राहून ती रडली.

पहिलं नाव अर्थातच दोमितिलाचं. "घे गं, जादू आहे," म्हणत कासिल्दाने स्वतःच्या बाटलीतल्या गोळ्या तिच्या ओंजळीत ओतल्या होत्या. मग शेजारची फेलिसितास, मग चर्चमध्ये घंटा वाजवणारा म्हातारा प्लासिदो, मग आणखी. सगळे मिळून अकरा जण. नवं माणूस नेलं की एवारिस्तो एक बाटली कासिल्दाच्या हातावर तशीच ठेवायचा. "तुम्ही तर माझी अर्धी कंपनी आहात, दोन्या!" ती हसायची. त्यात काही वावगं आहे असं तिच्या मनातही आलं नाही. लोक चालत होते ना?

ती दिवसाला एकच घ्यायची. दोमितिला दोनवर गेली, मग तीनवर. तिचा चेहरा गोल झाला, गाल लाल झाले. "लग्नाची दिसतेस," बायका चिडवायच्या. दंडावर कुठे नुसतं बोट लागलं तरी निळे डाग उठायचे. तिला आधीपासून साखर होती, तीही वाढली. दवाखान्याच्या खिडकीतून ती साखरेच्या जास्तीच्या गोळ्या आणायची, पण आत जाऊन तपासून घ्यायची नाही. गुडघा दुखत नसताना डॉक्टरकडे कोण जातं?

मग नाताळानंतर एवारिस्तो यायचा थांबला. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. कुणी म्हणे पलीकडच्या गावात तपासणीवाले आले होते, कुणी म्हणे गाडी बिघडली. दोमितिला दारात आली.

"कोमाद्रे, तुझ्याकडे असतील ना गं थोड्या? माझ्या संपल्या कालच."

कपाटात साखरेच्या डब्यामागे कासिल्दाच्या दोन बाटल्या होत्या. तोडणीचे अजून सहा आठवडे बाकी होते. त्या क्षणी तिला फक्त तो काचेचा चुरा ऐकू आला.

"नाहीत गं," ती म्हणाली. "माझ्याही संपल्या."

चार दिवसांनी दोमितिला पुन्हा आली. आली तीच उंबऱ्यावर बसली. अंग गळून गेलंय, जेवण नको वाटतं, म्हणाली. कासिल्दाने तिला कॉफी दिली, गोड पाव दिला आणि पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्यांदा खोटं बोलायला पहिल्याइतका वेळही लागला नाही.

*

लिसांद्रोच्या पिकअपमध्ये मागे फळांच्या पोत्यांवर दोमितिलाला झोपवून त्यांनी दवाखाना गाठला. तिची मुलगी नोएमी टपाल कचेरीतून धावत आली, गळ्यात कामाची ओळखपट्टी तशीच.

यादिराने बोट टोचून साखर पाहिली. "चोपन्न. फार खाली गेलीय." तिने शिरेतून साखर दिली. दोमितिलाने डोळे उघडले, मुलीला ओळखलं. नोएमीने सुस्कारा सोडला. पण डॉक्टरच्या कपाळावरची आठी गेली नाही. रक्तदाबाचा पट्टा तिने दुसऱ्यांदा आवळला, मग तिसऱ्यांदा.

"सत्तर. खालचा चाळीस." ती नर्सला म्हणाली, "सलाइन पूर्ण सोड. दुसरी बाटली तयार ठेव. आणि रुग्णवाहिकेला पुन्हा फोन लाव."

"लावला. पुलाजवळ दरड आलीय. तास तरी लागेल म्हणतात."

"ताप आहे? जुलाब झाले? काही शिळं खाल्लं?" यादिरा एकीकडे विचारत होती, एकीकडे पोट दाबून बघत होती. "साखरेच्या गोळीशिवाय आणखी काय घेते ही?"

"काही नाही," नोएमी म्हणाली. "म्हणजे, मला माहीत असलेलं तरी काही नाही."

डॉक्टर कासिल्दाकडे वळली. "तुम्ही दिवसभर बरोबर असता. काढा, पाला, इंजेक्शन, बाजारातलं काही?"

कासिल्दा भिंतीला टेकून उभी होती. हात एप्रनच्या खिशात होता, आणि मुठीत ती बाटली. आता सांगितलं की सगळंच बाहेर येणार. बाटली कुणी आणली, कुणी दिली, आणि कुणी नाही म्हटलं.

"काय घेणार ती?" ती म्हणाली. "लिंबाचं पाणी घेते सकाळी."

यादिराने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि ती परत रुग्णाकडे वळली.

दुसरी सलाइनची बाटली लागली. भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने चालत होतं. दहा मिनिटं. वीस. तीस. दोमितिला पुन्हा बरळायला लागली, मेलेल्या नवऱ्याला हाक मारून म्हणाली, खेचर बांध, सुटेल. मग बरळणंही थांबलं. पट्टा आवळला, सुटला.

"पासष्ट," नर्स म्हणाली.

"एवढं पाणी देऊन?" यादिराचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "दोन लिटर गेलं. कुठे जातंय हे? का उचलत नाहीये?"

नोएमी आईच्या पायांशी गुडघे टेकून बसली होती. तिने पाय हातात घेतले होते आणि चोळत होती, लहान मुलाचे थंडीत चोळावे तसे. कासिल्दाला त्या पायांवरचे निळे डाग दिसले. तसेच डाग तिच्या स्वतःच्या हातावर होते, बाहीखाली.

तिने बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. काच टेबलावर वाजली तसे सगळे वळले.

"हे घेत होती," ती म्हणाली. "सव्वा वर्ष. रोज तीन. गुडघ्यासाठी. नऊ दिवसांपूर्वी संपल्या."

यादिराने बाटली उचलली, फिरवली. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. कुठे बनली, कुणी बनवली, काही नाही. तिने झटकन दोमितिलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तो गोल चेहरा, मग बाही वर सारून दंड पाहिला. "देवा रे! आणि मी अतिसार शोधत बसले." ती नर्सकडे वळली. "लाल पेटी. हायड्रोकॉर्टिसोन, शंभर. आत्ता, शिरेतून. आत्ता!"

घाईत नर्सच्या हातून पहिली कुपी फुटली. दुसरी भरली गेली. सुई गेली.

नंतर किती वेळ गेला ते कासिल्दाला कधीच नीट सांगता आलं नाही. तिला आठवतं ते इतकंच, की पट्टा फुगायचा आणि सुटायचा.

"बहात्तर."

"परत घे."

"अठ्ठ्याहत्तर."

अर्ध्या तासाने चौऱ्याण्णव. दोमितिलाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

नोएमी उठली. ती कासिल्दासमोर येऊन उभी राहिली. लहानपणी हिच्या वेण्या कासिल्दानेच घातल्या होत्या.

"आई तुमच्याकडे आली होती," ती म्हणाली. "दोनदा आली. मला म्हणाली, कोमाद्रेच्याही संपल्यात बिचारीच्या."

कासिल्दाची नजर टेबलावरच्या बाटलीकडे गेली.

"ती बाटली अर्धी भरलेली आहे, तिया."

तिया म्हणजे मावशी. त्या घटकेलाही पोरीने नातं सोडलं नाही, आणि तेच कासिल्दाला जास्त लागलं.

*

रुग्णवाहिका दोमितिलाला शालापाला घेऊन गेली तेव्हा दुपार टळली होती. कासिल्दा बाटली उचलून मोरीकडे निघाली. झाकण उघडलं तोच यादिराने तिचं मनगट पकडलं, चांगलंच घट्ट.

"काय करताय?"

"फेकते. पाप आहे हे."

"तुम्ही किती दिवस घेताय?"

"तिच्या आधीपासून. पण एकच."

"बसा इथे." डॉक्टरने तिला अक्षरशः दाबून बसवलं. "नीट ऐका. मूत्रपिंडावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. जगायला लागणारं एक रसायन त्या रोज बनवतात. मला वाटतं या गोळ्यांत तेच घातलंय, भरपूर. वर सूज मारणारं आणखी काही. मुळंबिळं काही नाहीत. बाहेरून रोज आयतं मिळालं की त्या ग्रंथी झोपी जातात. एकदम बंद केलं तर शरीराकडे काहीच उरत नाही. आज मैत्रिणीचं झालं तेच. उद्या तुमचं होईल."

"म्हणजे घेत राहू?"

"ही नाही. मी मोजून देते ते घ्यायचं, आणि आठवड्या-आठवड्याने कमी करायचं. महिने लागतील. बाटली मी तपासणीला पाठवते." ती थांबली. "आणि गुडघा परत दुखेल. आधीपेक्षा जास्त दुखेल कदाचित. दुखणं झाकलं होतं, झीज थांबली नव्हती. तुम्ही त्याच गुडघ्यावर डोंगर उतरत होतात."

कासिल्दाने मान हलवली.

"आता सांगा, गावात आणखी कोण घेतं?"

बाहेर पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला, लिसांद्रो परत मळ्यावर निघाला होता. कासिल्दाने बोटं मोजायला सुरुवात केली. दोमितिला सोडून दहा. प्रत्येक नाव तिच्याच हातून गेलेलं.

"मी चिठ्ठ्या पाठवते," यादिरा म्हणाली.

"चिठ्ठीला कोण विचारतंय? मी सांगितलं म्हणून घेतात ते. मीच जाते."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने सहा घरं केली. काहींनी कपाळाला हात लावला, काहींनी दार अर्धंच उघडलं. "आता बरा पुळका आला," एकीने तोंडावर सुनावलं. "तेव्हा फुकटच्या बाटल्या घेताना?" हेही गावाला माहीत होतं तर. कासिल्दा ऐकून घेत होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "फेकू नको, एकदम थांबू नको, उद्या सकाळी दवाखान्यात ये."

फेलिसितासच्या घरात अंधार होता. ती पलंगावर पडलेली, चेहरा राखेसारखा. "सर्दी आहे," तिचा नवरा म्हणाला. "चार दिवस काही खात नाही. त्या गोळ्यांनी पोट जळतं म्हणून मागच्या आठवड्यात नदीत टाकल्या तिने."

कासिल्दाने पुढचं ऐकलंच नाही. "उचल तिला," ती ओरडली. "बघतोस काय, उचल!"

फेलिसितास दवाखान्यात चालत शिरली नाही, खुर्चीवरून नेली. पण नेली ती वेळेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासिल्दा पलंगावरून उतरली आणि किंचाळली. गुडघा परत आला होता. सव्वा वर्षाचं सगळं दुखणं जणू एकाच रात्री वसूल करायला आला होता. ती पलंगाच्या कडेवर बसली. चार घरं राहिली होती. शेवटचं प्लासिदोचं, चर्चच्या वर, एकशे चाळीस पायऱ्यांवर.

जाऊ नये असं तिला वाटलं नाही असं नाही. चांगला अर्धा तास वाटत होतं. मग तिने नवऱ्याची जुनी काठी माळ्यावरून काढली आणि डाव्या हातात धरली.

तीन घरं झाली. पायऱ्यांशी आली तेव्हा दहा वाजले होते. एक पाऊल चांगल्या पायाचं, मग काठी आणि दुखरा पाय त्याच पायरीवर आणायचा. मग पुन्हा. वीस पायऱ्यांनंतर घामाने पोलकं भिजलं. साठाव्या पायरीला तिने भिंतीला डोकं टेकलं. वरून येणाऱ्या एका बाईने विचारलं, "कुठं, दोन्या? मी सांगते निरोप." कासिल्दाने नको म्हणून हात हलवला.

चौऱ्याहत्तर वर्षांचा प्लासिदो दारातच उभा होता. त्याला आधीच बातमी लागली होती.

"चालती हो," तो म्हणाला. "तू आणून दिलेस हे पाय, आता तूच न्यायला आलीस होय?"

"डॉन प्लासिदो, दोमितिला मरता मरता वाचली."

"ती तीन घ्यायची. मी हावरट नाही. माझ्या आठ उरल्यात, एक दिवसाआड घेतो. पुरवतो."

"एक दिवसाआड? कधीपासून?"

"तुला काय करायचंय? चाळीस वर्षं मी त्या मनोऱ्यावर चढतोय. मधली दोन वर्षं नाही जमलं, तर खाली बसून दुसऱ्याने वाजवलेली घंटा ऐकायचो. चुकीची वाजवायचा गाढव. तुला माहितीय काय असतं ते?"

"माहितीय."

"काही माहीत नाही तुला!"

कासिल्दाला उभं राहवेना. ती त्याच्या उंबऱ्यावर बसली, पाय लांब करून, दोन्ही हातांनी गुडघा दाबत. "मला माहितीय," ती म्हणाली. "दोमितिला माझ्या दारात अशीच बसली होती. गोळ्या दे म्हणाली. माझ्याकडे होत्या आणि मी नाही म्हटलं. हे पाय जातील म्हणून. आता बोला."

प्लासिदोने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग तिला पाणी आणायला म्हणून आत वळला आणि वळता वळता डावीकडे झुकला, झुकतच गेला. कासिल्दाने बसल्या जागेवरून झेप घेतली. गुडघ्यात वीज चमकली, पण तिने त्याचा पट्टा पकडला, आणि दोघं दाराच्या चौकटीला धरून लोंबकळल्यासारखी उभी राहिली. म्हाताऱ्याचं काळीज तिला स्वतःच्या खांद्यावर धडधडताना जाणवलं.

"आज तिसऱ्यांदा," तो पुटपुटला. "उठलं की डोळ्यांपुढे काळोख येतो."

"चला माझ्याबरोबर."

"खाली? या पायांनी? दोघं?"

"उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा. मला डॉक्टरने सांगितलंय. घाई नाही."

एकशे चाळीस पायऱ्या उतरायला त्यांना पाऊण तास लागला. तो एका हाताने भिंत धरून, एका हाताने तिच्या खांद्याला. मध्ये दोनदा त्याला बसवून डोकं खाली करायला लावावं लागलं. शंभराव्या पायरीवर त्याने तिला शिवी दिली, शेवटच्या पायरीवर माफी मागितली. खाली यादिरा दवाखान्याच्या दारात वाट बघत होती. तिच्यामागे बाकावर कालची माणसं रांगेत बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर हिरव्या पानांची बाटली.

*

एवारिस्तो त्या बाजारात पुन्हा दिसला नाही. सरकारी माणसं येऊन जबान्या घेऊन गेली. कासिल्दाने आपल्या जबानीत फुकटच्या बाटल्यांचंही सांगितलं. तपासणीचा निकाल महिन्याने आला. डॉक्टरचा अंदाज खरा होता, त्यात मूळ म्हणावं असं एकही नव्हतं.

दोमितिला बारा दिवसांनी घरी आली. कासिल्दा पहिल्याच दिवशी कोंबडीचं सूप घेऊन गेली. दोमितिला खिडकीशी बसली होती, चेहरा उतरलेला, डोळे खोल.

"ठेव तिथे," ती म्हणाली. मग म्हणाली, "गोळ्या दिल्यास ते मी कधीच मनात धरलं नसतं. तुला तरी काय ठाऊक होतं? माझ्या पायांनी मी स्वतः बाजारात जाऊन आणल्यात त्या. पण मी तुझ्या उंबऱ्यावर बसले होते, कासिल्दा. मला उठवत नव्हतं. आणि तू मला पाव दिलास."

दोमितिलाने तिला कासिल्दा म्हटलं होतं, कोमाद्रे नव्हे. भांडं ठेवून ती काठी टेकत घरी आली.

तोडणीला ती पुन्हा गेली नाही. लिसांद्रोने तिला खाली सुकवणीच्या अंगणात, दाणे निवडायच्या टेबलावर बसवलं. बसून काम, मिळकत कमी, पण उतार नाही. सकाळ-संध्याकाळ ती पाय सरळ करून धरायची, खुर्चीतून ऊठबस करायची. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, ती रडायची आणि करायची. सहाव्या आठवड्यात एका सकाळी लाकूडपणा दहा मिनिटांत गेला. दुखणं गेलं नाही. पण कुठल्या दिवशी किती चाललं की संध्याकाळी किती दुखणार, याचा तिला अंदाज यायला लागला, आणि अंदाज आला तशी भीती ओसरली. मार्चअखेर तिचा शेवटचा मोजलेला डोस बंद झाला.

यादिराने बुधवारी दवाखान्याच्या ओसरीवर सगळ्यांचा व्यायाम सुरू केला. दहाजण यायचे. प्लासिदो यायचा आणि तक्रारी करायचा. त्याने घंटेचा दोर खालपर्यंत लांबवून घेतला होता आणि आवाज पूर्वीसारखा येत नाही म्हणून फादरशी भांडत होता. दोमितिला पहिल्यांदा आली ती एप्रिलमध्ये, नोएमीचा हात धरून. ती कासिल्दापासून दोन खुर्च्या सोडून बसली.

पुढच्या बुधवारीही दोन खुर्च्या सोडून. त्याच्या पुढच्याही.

मेमधल्या एका बुधवारी फेलिसितासला यायला उशीर झाला आणि कासिल्दाच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. दोमितिला आली, उभी राहिली, काठीवर रेलून थोडा वेळ श्वास घेत राहिली. मग त्याच खुर्चीत बसली. नजर समोर.

"रुबेन कसा आहे?" तिने विचारलं.

"बरा आहे. विचारत होता तुझं."

"मी त्याची मादरिना आहे, विचारणारच." थोडं थांबून ती म्हणाली, "हे मी विसरणार नाही, समजून राहा."

"नको विसरू," कासिल्दा म्हणाली.

यादिराने टाळी वाजवली. ओसरीवर सगळ्यांचे पाय एकेक करून वर उचलले गेले, काही सरळ, काही थरथरत, आणि सगळे मोठ्याने मोजू लागले.